एकाच तारेवरचे दोन मीटर

मी एक जुना विजेचा मीटर आहे. जुना म्हणजे काचेआड चकती फिरणारा. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असा मीटर पाहिलाही नसेल. सध्या मी एका गोदामात, माझ्यासारख्याच काढून टाकलेल्या मीटरांच्या ढिगात पडलो आहे. माझी काच तडकली आहे, पोटात धूळ गेली आहे आणि एका कोपऱ्यातून गंज चढतो आहे. पण त्याची मला घाण वाटत नाही. मला शिसारी येते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तीच सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पांढऱ्या दिव्यांखाली बायका ओळीने बसलेल्या असत, प्रत्येकीच्या एका डोळ्याला भिंग लावलेले. जिने मला जोडले तिला त्या दिवशी उचकी लागली होती. उचकी थांबेपर्यंत तिने मला हात लावला नाही. मग तिने माझी चकती एका इवल्याशा खड्यावर अलगद टेकवली, हलकी फुंकर घातली आणि चकती नुसत्या फुंकरीने फिरली तेव्हा ती स्वतःशीच हसली. पुढे एका प्रमाण मीटरशेजारी ठेवून मला तपासण्यात आले. जेवढी वीज आपल्यातून जाईल तेवढीच सांगायची, ना तिळभर कमी, ना तिळभर जास्त, एवढाच आमचा धर्म. तपासणीत उतरलो, मला शिशाचे सील ठोकले आणि मी कामाला लागलो.

एक लाँड्री आणि एक बेकरी यांच्यामधल्या बोळात पत्र्याचे एक कपाट होते. त्यात आम्ही दोघे मीटर शेजारी शेजारी बसलो. मी लाँड्रीचा, तो बेकरीचा. खांबावरून एकच तार कपाटात येई आणि तिथे तिचे दोन फाटे होऊन एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे जाई. एका आईच्या दोन पोरांसारखे आम्ही एकाच तारेवर वाढलो, असे म्हटले तरी चालेल.

लाँड्री चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. नवरा लवकर गेला, पदरात एक लहान मुलगी, आणि काम रुग्णालयाच्या चादरी धुण्याचे. ते काम सोपे नव्हते. रक्त, पू, औषधांचे डाग, ओकाऱ्या, सगळे त्या गाठोड्यांत असे. एकदा कामावर नवीन आलेल्या बाईने गाठोडे सोडताना नाक दाबले. अक्का तिला म्हणाली, "अगं, आजारी माणसाची घाण ती. तिची कसली किळस? गरम पाण्यात घातली की जाते." आणि स्वतः हात घालून चादरी वेगळ्या करू लागली. धुण्याची यंत्रे, कपडे वाळवणारे मोठे पिंप, इस्त्रीचा गरम रूळ, सगळे एकदम सुरू झाले की माझी चकती भिंगरीसारखी फिरे.

पलीकडे बेकरीवाले काका. एकटा जीव, बोलायला मऊ, हात मात्र भट्टीने भाजून राठ झालेले. त्यांच्या भट्ट्या विजेच्या. त्या तापल्या की बोळातली भिंतसुद्धा कोमट होई. अक्काची मुलगी, बिट्टी, शाळेतून आली की त्या कोमट भिंतीला पाठ लावून अभ्यास करी. तिला कंटाळा आला की काका तिला मैद्याच्या पोत्यावर बसवत आणि गणिते घालत. ती गणितात हुशार होती. तिला गोवर आला तेव्हा अक्काला यंत्रे सोडून निघता येईना. काकांनी भट्टी बंद केली, पोरीला पाठीवर घेतले आणि डॉक्टरांकडे गेले. त्या दिवशी शेजारच्या मीटरची चकती दुपारभर जागची हलली नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले.

तेव्हा वीज देणारी कंपनी एकच होती. ती काही देवमाणूस नव्हती, हेही सांगून टाकतो. तक्रार करायला जावे तर खिडकीतला माणूस डोके वर करत नसे. पण रीडिंग घ्यायला येणारा गृहस्थ चांगला होता. तो बाहीने माझी काच पुसे, आकडे उतरवून घेई आणि अक्काला म्हणे, "तुमचा मीटर म्हणजे सरळ माणूस आहे हो. कधी खोटं बोलत नाही." मीटरला आयुष्यात एवढेच कौतुक मिळते. ते मला भरपूर मिळाले.

मग एके वर्षी कायदा बदलला. तारा आणि खांब जुन्याच कंपनीकडे राहिले, पण वीज विकण्याचा परवाना इतरांनाही मिळू लागला. दुकाने, कारखाने, हॉटेले यांनी आपला विकणारा आपण निवडायचा. जो चांगला दर देईल त्याच्याशी करार करायचा. अक्का खूश झाली. काकांना म्हणाली, "दादा, इतकी वर्षं नाइलाज होता. आता जो नीट बोलेल त्याच्याकडून घेऊ."

मित्रांनो, यात वाईट काहीच नव्हते. निवड करायला मिळणे ही चांगलीच गोष्ट. फक्त एक ध्यानात ठेवा. विकणारा बदलला म्हणून वीज बदलत नाही. खांब तोच, तार तीच, मीटर तोच. बदलते ते फक्त बिलावरचे नाव आणि दर. म्हणजे हे लोक जे विकत होते ते खरे तर एक वचन होते. आणि वचन विकणारा माणूस कसा आहे, हे पाहिल्याशिवाय ते विकत घेऊ नये.

मग विक्रेते सुटले. सुटले हाच शब्द योग्य आहे. सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी आणखी कुणी. एकाच्या गळ्यात ओळखपत्र असे, पण ते नेहमी उलटे. "वीज कंपनीकडून आलोय, मीटर तपासायचाय," असे सांगून तो कपाट उघडी आणि फोनने माझ्या कपाळावरच्या नंबराचा फोटो काढी. तपासणी वगैरे काही नाही. त्याला फक्त नंबर हवा असे, कारण नंबर आणि मालकाचे नाव मिळाले की गिऱ्हाईक एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे ढकलता येत असे. दुसरा एक च्युइंगम चघळत यायचा. अक्काने नाही म्हटले की जाताना तोंडातला गोळा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून जायचा. त्याला धूळ, केस, मेलेल्या माश्या चिकटत. त्याच्याकडे बघत मी महिनोन्महिने काढले.

समोरच्या केशकर्तनालयातला न्हावी तर एकदा तावातावाने अक्काकडे आला. त्याला फोन आला होता. पलीकडच्या माणसाने विचारले, "माझा आवाज नीट ऐकू येतोय ना?" हा म्हणाला, "हो." तेवढे 'हो' कापून त्यांनी आपल्या करारापुढे जोडले. "अहो अक्का, मी ऐकू येतंय म्हणून हो म्हणालो, वीज घेतो म्हणून नाही!" तो ओरडत होता. त्याच्या हातात वस्तरा होता आणि आत खुर्चीवर अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक ताटकळत बसले होते. सगळी गल्ली हसली. मला हसू आले नाही.

अक्का मात्र कुणाच्या हाती लागली नाही. ती प्रत्येकाला बसवून घेई, पाणी देई आणि एकच विचारी, "मुदत संपल्यावर काय?" बहुतेकांना तिथेच घाम फुटे. शेवटी एक साधासा, कमी बोलणारा माणूस आला. त्याचा दर सगळ्यांत कमी नव्हता, पण तो वर्षानुवर्षे बदलणार नव्हता आणि करार दोन पानांत संपत होता. अक्काने तो वाचला, झोपून उठून पुन्हा वाचला आणि मग सही केली. पुढे कित्येक वर्षे आमचे बिल जुन्या कंपनीपेक्षा कमी आले. म्हणून सांगतो, दोष निवडीचा नाही.

बिट्टी मोठी झाली, शिकली आणि तिला नोकरी लागली. कुठे, तर विजेचे करार जुळवून देणाऱ्या एका कचेरीत. पदाचे नाव ऊर्जा सल्लागार. अक्काने गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "माझी बिट्टी लोकांचं बिल कमी करते," असे ती गाठोडी आणणाऱ्या गाडीवाल्यालाही सांगे. आता सल्लागार म्हटले की सल्ला घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण या सल्लागाराचा पगार सल्ला घेणारा देत नसे. तो वीज विकणारा देई, आणि जेवढा करार गिऱ्हाइकाला महाग, तेवढी दलाली जास्त.

एके दिवशी दुपारी बिट्टी बोळात आली. अंगावर कडक इस्त्रीचा कोट, पायांत टकटक वाजणारे बूट. तिने कपाट उघडले. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. शेजारच्या मीटरच्या नंबराचा फोटो काढला आणि फोन कानाला लावला. "हो सर, एक बेकरी आहे. वापर चांगला आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "नाही नाही, काही प्रश्न विचारणार नाहीत. घरचेच आहेत. वाचणार नाहीत."

मित्रांनो, वाळवणीच्या पिंपातल्या गरम वाफा बोळात येत होत्या. त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा आला. ज्या पोरीची गणिते मी भिंतीआडून ऐकली होती, तिचाच हा आवाज होता.

मग ती बेकरीच्या मागच्या दाराशी गेली. काकांचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले होते.

"काका, तुमच्यासाठी खास आणलाय हा करार. एवढा कमी दर कुणालाच मिळत नाही."

"अगं, माझा चष्मा आत राहिलाय. तूच वाच."

तिने पहिले पान वाचले. पहिले काही महिने दर फारच कमी होता.

"आणि पुढे?" काकांनी विचारले.

"पुढे बाजारभावाप्रमाणे. बहुतेक वेळा कमीच असतो तो."

"बहुतेक वेळा म्हणजे?"

"काका, मी तुम्हाला वाईट काही देईन का?"

काका ओशाळले. आपण हा प्रश्न विचारलाच कसा, असे त्यांना वाटले असावे. "तसं नाही गं पोरी. तू सांगतेस ना, मग झालं." त्यांनी हात पुसले आणि सही केली. सहीवर पिठाचा अंगठा उमटला. बिट्टीने तो कागद झटकला आणि पिशवीत ठेवला.

काही महिने खरोखरच काकांचे बिल कमी आले. ते भेटेल त्याला सांगत, "पोरीनं कल्याण केलं." कराराच्या शेवटच्या पानावर काय होते, ते त्यांनी कधी पाहिले नाही. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते, की स्वस्त महिने संपले की दर बाजारभावाने रोज बदलेल, त्याला वरची मर्यादा नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी सोडायचे तर मोठा दंड.

त्या वर्षी थंडी अशी पडली की नळ फुटले. घरोघरी शेगड्या आणि हीटर लागले. त्यातच काही वीजकेंद्रे गोठून बंद पडली. विजेची मागणी आभाळाला आणि वीज कमी. बाजारभाव चढू लागला, चढतच गेला, इतका की गल्लीतल्या कुणाला त्याची कल्पनाही करता आली नसती. आमच्या कपाटात मात्र काही बदलले नव्हते. माझी चकती रोजच्यासारखीच फिरत होती. शेजारच्याचीही रोजच्यासारखीच. तीच तार, तोच खांब.

मग काकांचे बिल आले.

ते बोळात धावत आले. त्यांनी कपाट उघडले आणि शेजारच्या मीटरकडे वाकून पाहिले. मग बोटांनी त्याच्या काचेवर टकटक केले, आधी हळू, मग जोरात. "बिघडलाय हा," ते पुटपुटले. "वेड लागलंय याला." त्यांनी तक्रार केली. तंत्रज्ञ आला, त्याने यंत्र लावून मीटर तपासला आणि म्हणाला, "मीटर एकदम बरोबर आहे हो. तुमचा करार बघा." काकांना ते पटेना. ते पुन्हा पुन्हा येऊन त्या बिचाऱ्याच्या काचेवर टकटक करत राहिले.

आयुष्यभर खरे बोललेल्यावर असा आळ आला की काय होते, ते मी माझ्या शेजाऱ्याच्या रूपाने पाहिले. खोटे बोलणारे कोटबूट घालून हिंडत होते आणि संशय घेतला जात होता भिंतीवर टांगलेल्या एका मुक्या मीटरवर. काकांचा मला राग आला नाही. राग येण्याजोगा माणूस वेगळाच होता. त्यांच्या मनाला एकच गोष्ट शिवत नव्हती, की ते पोर फसवेल.

काकांनी करार सोडायचा म्हणून कंपनीला फोन लावला. आधी बासरीचे सूर, मग एक गोड बाई, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," मग पुन्हा बासरी. कणकेचे हात फोनला लागू नयेत म्हणून ते फोन खांद्याने कानाशी दाबून काम करत. मान आखडली, पण पलीकडे माणूस काही आला नाही. त्यांनी एक भट्टी बंद केली. मग दुसरी. बोळातली भिंत गार पडू लागली.

भिंत गार लागली म्हणूनच अक्काने विचारले, "दादा, भट्ट्या का बंद?" काकांनी बिल दाखवले. अक्का बघतच राहिली. एकाच तारेवरची दोन दुकाने, आणि तिचे बिल नेहमीसारखे. तिने काकांकडून करार मागून घेतला आणि बोळातच, कपाटाला टेकून, शेवटचे पान वाचले. मग तिने बिट्टीला बोलावून घेतले.

बिट्टी आली. अक्का ओरडली नाही. तिने करार पुढे धरला आणि विचारले, "हा आपल्याला का नाही दिलास?"

"कुठला?"

"हाच. इतका चांगला होता तर आईला का नाही दिलास?"

"आपलं ठीक चाललं होतं, आई."

"त्यांचंही ठीकच चाललं होतं."

बिट्टीने करार बाजूला सारला. मग एकदम जोराने बोलू लागली. "मी काही जबरदस्ती केली नाही. सही त्यांनी केली. सगळं लिहिलेलं आहे त्यात. धंदा करायचा तर वाचायला नको? आणि बाजार चढला त्याला मी काय करू? सगळेच असं विकतात. मला दर महिन्याला आकडा गाठायचा असतो, आई. तुला काय माहीत आमच्याकडे काय असतं ते!"

अक्काने नाकातोंडावर हात दाबला. ती वळली, बोळाच्या कडेला गटारापाशी वाकली आणि तिला कोरडी ओकारी आली. मग दुसरी. ज्या बाईने इतकी वर्षे रक्ताच्या आणि पुवाच्या चादरी नाक न मुरडता धुतल्या, ती आपल्या लेकीचे बोलणे ऐकून ओकत होती. मित्रांनो, हे मी माझ्या काचेतून पाहिले. मला डोळे मिटता येत नाहीत.

आवाज ऐकून काका बाहेर आले. "अक्का, काय झालं? पोरीवर ओरडताय का? ओरडू नका हो. तिला काय माहीत बाजार असा चढेल म्हणून? तिनं चांगल्यासाठीच केलं."

आता तरी ही बोलेल, असे मला वाटले. बिट्टीने काकांकडे पाहिले, मग बुटांकडे पाहिले, आणि ती गप्प राहिली. फोनवरच्या त्या शब्दांपेक्षाही मला या गप्प बसण्याची किळस जास्त आली. फसवून झाल्यावर त्या माणसाचा चांगुलपणाही तिने वापरून घेतला.

अक्का तोंड धुऊन आली. एवढेच म्हणाली, "तुझ्या त्या पैशाची एक वस्तू माझ्या घरात आणायची नाही." बिट्टीचे बूट टकटक करत बोळातून निघून गेले.

बेकरी बंद झाली. मोठ्या भट्ट्या भंगारवाल्याने नेल्या. ज्या दिवशी शेजारचा मीटर कपाटातून काढला त्याच दिवशी संध्याकाळी एक नवा विक्रेता आला. त्याने बेकरीच्या बंद शटरवर वाजवले, वाट पाहिली, पुन्हा वाजवले, आणि शटरच्या फटीत आपले चकचकीत पत्रक खोचून गेला. त्यावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. मेलेल्याच्या दारात जाऊन तब्येत विचारावी, तसा प्रकार.

अक्काने मात्र काकांना घरी बसू दिले नाही. लाँड्रीच्या मागच्या बाजूला गाठोड्यांची खोली होती. तिथली मळकी गाठोडी तिने पुढे हलवली, ती खोली धुऊन, चुना लावून, मधे पक्के दार बसवून घेतले आणि काकांची एक लहान भट्टी तिथे माझ्या तारेवर बसवली. "दादा, माझा दर ठरलेला आहे. तुमची एक भट्टी मला जड नाही." काका नको नको म्हणत राहिले आणि अक्का कणकेचे पिंप आत सरकवत राहिली. शेजारच्याचा भार आता मी उचलत होतो. मला तो आवडत होता. काही दिवसांनी रुग्णालयातून निरोप आला, की चादरी स्वच्छ आहेत, पण त्यांना ताज्या पावाचा वास येतो आणि पथ्यावरचे रुग्ण रडकुंडीला येतात. त्या दिवशी अक्का बऱ्याच काळानंतर हसली. मग त्या दाराला रबराची पट्टी लावावी लागली.

काका पुन्हा पाव विकू लागले, पण पूर्वीसारखे नव्हे. गल्लीत कुणी बिट्टीला नावे ठेवली की मात्र ते भांडायला उठत. न्हाव्याशी तर त्यांनी बोलणेच सोडले होते. "लहानपणापासून ओळखतो मी तिला. तिला ठाऊक असतं तर तिनं असं केलंच नसतं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते ऐकले की अक्का यंत्राचे दार उगाच जोरात लावी.

थंडी सरून उन्हाळा आला तेव्हा एका दुपारी बिट्टी आली. तिच्या पायांत साध्या चपला होत्या. तिला पाहून अक्काने तोंड फिरवले. बिट्टी तिच्याशी काही न बोलता बोळातल्या मागच्या दाराने काकांच्या खोलीत गेली. दार उघडेच होते.

"काका, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?" काका लाटत होते.

"सगळं. शेवटचं पान माहीत होतं. तुम्ही वाचणार नाही हेही माहीत होतं. साहेबांना मी तसं फोनवर सांगितलं होतं. घरचेच आहेत, वाचणार नाहीत, असं."

लाटणे थांबले. काकांनी हाताला लागलेली कणीक एका एका बोटावरून सोडवली. ते काम त्यांनी इतक्या सावकाश केले, की बिट्टीला रडू फुटले.

"मी तुझ्यासाठी लोकांशी भांडलो," काका अखेर म्हणाले. आवाजात राग नव्हता. चुकून काही घाणेरडे तोंडात गेले की माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आणखी कुणाकुणाला दिलास?"

"चौकातला छापखाना. शिंप्याचं दुकान. शाळेसमोरची आइसक्रीमवाली. पलीकडच्या रस्त्यावरचे पण आहेत. बरेच आहेत, काका."

"मग माझ्यासमोर काय रडतेस? माझं व्हायचं ते होऊन गेलं. त्यांच्याकडे जा."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"ते मला मारायला उठतील."

"उठतील. तू जा." एवढे बोलून काकांनी पुन्हा लाटणे हातात घेतले आणि ती बोळातून बाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझीही पाळी आली. चकतीचे मीटर काढून आकडे चमकणारे मीटर लावायचे, असा हुकूम निघाला होता. एका तंत्रज्ञाने माझे सील तोडले, तारा सोडवल्या आणि मला पोत्यात टाकले. तिथेच माझी काच तडकली. अक्का आत यंत्रापाशी होती. तिला कळलेही नसावे.

या ढिगात माझ्याशेजारी चौकातल्या छापखान्याचा मीटर आहे. त्याच्याकडून मला पुढचे कळले. बिट्टी तिथे गेली होती. मालकाने तिला शिव्या देऊन हाकलले, तर ती दाराबाहेर उन्हात उभी राहिली. शेवटी त्याने आत घेतले. तिने त्याचा करार काढायला लावला आणि शेवटच्या पानावरची ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवली, यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून. त्याचे स्वस्त महिने अजून संपले नव्हते. ते संपायच्या आत सोडले तर दंड नाही, अशी एक वाट करारातच होती. तो सुटला. आइसक्रीमवालीने मात्र दार उघडले नाही. आणि शिंप्याच्या दुकानाला तोवर कुलूप लागले होते. त्या दारापाशी ती बराच वेळ बसली होती म्हणतात. कचेरीने तिला काढून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खुर्चीवर दुसरी एक मुलगी येऊन बसली. तिच्याही हातात फोन होता आणि समोर मीटरच्या नंबरांची यादी.

मित्रांनो, मी आता वितळवला जाईन. माझे काही मागणे नाही. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि तुमच्यापैकी पुष्कळ जण काही ना काही विकाल. वीज विकाल, विमा विकाल, औषधे विकाल. जरूर विका, त्यात कमीपणा नाही. फक्त समोरचा आपल्यावर विश्वास टाकून न वाचता सही करू लागला, तर त्याचा हात धरा. शेवटचे पान त्याच्यापुढे करा आणि ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने मग सही केली नाही, तर राहू द्या. पुढच्या वर्षी त्याच दारात जाऊन त्याच्याकडे प्यायला पाणी मागता येईल, असे काहीतरी विका.